रानातली गाडी गल्लीत कशाला?

मी चौथी शिकलो. तेवढ्यावर पाटबंधारे खात्यात ड्रायव्हर म्हणून चिकटलो आणि रिटायर होईपर्यंत कालव्याच्या कडेने, ओढ्यातून, खडीतून, चिखलातून गाड्या चालवल्या. जीप, ट्रक, डंपर, सगळं. माझ्या चाकाखाली कधी कोंबडीसुद्धा आली नाही. हे आधीच सांगून ठेवतो, कारण पुढचं वाचून कोणीतरी म्हणणारच की म्हाताऱ्याला गाड्यांतलं काय कळतं. मला गाड्यांतलंच कळतं. बाकीचं फारसं कळत नाही, तेही कबूल.

बायको गेल्यावर मुलीने मला जपानला आणलं. मुलगी कोबेच्या विद्यापीठात संशोधन करते. जावई सकाळच्या ट्रेनने कामाला जातो तो दिवेलागणीनंतर येतो. घर डोंगराच्या उतारावर आहे. खिडकीतून बंदरातल्या क्रेन दिसतात, जहाजं दिसतात, बघायला छान. पण घरापर्यंत मोटार येत नाही. मोटारी खालच्या रस्त्याला थांबतात. तिथून वर यायला दोन वाटा. एक सरळ पायऱ्यांची, मोजून एकशे बारा पायऱ्या, धरायला कठडा नाही. दुसरी डांबरी गल्ली, वळसा घालून येणारी, एवढी अरुंद की समोरून सायकल आली तर आपण भिंतीला पाठ लावून उभं राहायचं. या गल्लीला मध्यावर एक वळण आहे. एका अंगाला दगडी भिंत, दुसऱ्या अंगाला उघडं गटार, आणि उतार असा की हातातून सुटलेलं संत्रं थेट खालच्या दुकानात जावं. ते वळण ध्यानात ठेवा. सगळं भांडण त्या वळणाचं आहे.

आमच्या वरच्या घरात एक बाई राहायच्या. माझ्याहून तीन वर्षांनी मोठ्या, नवरा जाऊन बरीच वर्षं झालेली, एकट्या. आमची ओळख कचऱ्यावरून झाली. मी आलो त्या पहिल्याच आठवड्यात प्लास्टिकची बाटली टोपणासकट टाकली. दुपारी बाई दारात हजर, हातात माझी बाटली. टोपण काढून दाखवलं, वरचा कागद सोलून दाखवला, बाटली पायाखाली चेपून दाखवली, तिन्ही वस्तू तीन ठिकाणी ठेवल्या आणि कमरेत वाकून निघून गेल्या. मला असा राग आला!

मुलीला म्हटलं, "ही कोण मला शिकवणार? मी काय कुक्कुलं बाळ आहे?"

मुलगी म्हणाली, "आप्पा, त्यांनी बाटली घरी आणून दिली. चारचौघांत बोलल्या नाहीत. नशीब समजा."

पुढल्या आठवड्यात बाईंनी त्यांच्या झाडाची फळं आणून दिली, दिसायला पिवळ्या टोमॅटोसारखी आणि चवीला चिकूच्या जवळपास. मग मी त्यांचा रॉकेलचा डबा पायऱ्यांनी वर नेऊन दिला. त्यांना माझं बोलणं कळत नव्हतं, मला त्यांचं. पण चालत होतं.

बाईंचे गुडघे गेलेले. दर पंधरा दिवसांनी खालच्या दवाखान्यात सुई घ्यायला जावं लागे. उतरायला तासभर, चढायला त्याहून जास्त. त्यांचा मुलगा दूरच्या कावासाकी शहरात, कुठल्याशा कंपनीत मोठा साहेब. तो प्रत्येक फोनला म्हणायचा, तिथे एकटी राहू नकोस, माझ्याकडे ये, आठवा मजला असला तरी लिफ्ट आहे. बाई म्हणायच्या, मला माझं दवाखान्यात जाता येतंय तोवर मी इथून हलणार नाही. हे सगळं मला मुलीकडून कळलं. म्हणजे गोष्ट सरळ होती. दवाखाना जमला तर बाई आपल्या घरात, नाही जमला तर कावासाकीत, आठव्या मजल्यावर.

आता ती गाडी. डोंगराच्या माथ्यावर भाजीचे वाफे आहेत. जन्मभर गोदीत काम केलेले एक गृहस्थ तिथे मुळे आणि कांद्याची पात लावायचे. आम्ही घरात त्यांना गोदीवाले म्हणायचो. त्यांनी कुठूनशी एक जुनी रानगाडी आणली होती. गल्लीत जेमतेम मावेल एवढी रुंद, चार जाड फुगीर चाकं, पुढे दोन माणसांची जागा, मागे छोटा हौदा, दारं नाहीत, वर लोखंडी नळ्यांचा सांगाडा. वाफ्यांतून खताच्या गोण्या वाहायला उत्तम. मी स्वतः वर जाऊन बघून आलो होतो. गोदीवाल्यांनी कौतुकाने माझ्या हातात चावी दिली. मी मातीत दोन फेऱ्या मारल्या, खाली वाकून चाकांचा आस बघितला आणि दोन्ही अंगठे वर केले. मातीतल्या गाडीला दिलेले अंगठे होते ते.

तेव्हा उत्तरेकडे तो मोठा भूकंप होऊन, समुद्र गावांत शिरून दोनेक वर्षं झाली होती. कोबेच्या लोकांनी तर त्याच्या आधी स्वतःचा भूकंप भोगलेला. त्यामुळे वस्तीच्या समितीत सारखं तेच. आपल्या डोंगरावर काही झालं तर म्हाताऱ्यांना खाली कसं न्यायचं, पाणी वर कसं आणायचं. कोणीतरी टीव्हीवर बघितलं की तिकडच्या चिखलात असल्याच गाड्या उपयोगी पडल्या. झालं! ठरलं की गोदीवाल्यांची गाडी वस्तीच्या नावावर करायची, तिला दिवे-आरसे लावायचे, नंबर घ्यायचा. आणि संकटाची वाट कशाला बघायची, रोजच गल्लीतून, खालच्या शहराच्या रस्त्यावरून चालवायची. म्हाताऱ्यांना दवाखान्यात सोडायचं, बाजार वर आणायचा. चालवणार गोदीवाले. आणि पहिली सवारी आमच्या शेजारच्या बाईंची.

मुलीने हे जेवताना सांगितलं. ती खूश होती. माझा घास हातातच राहिला.

"पोरी, ती गाडी रानातली आहे. तिला डांबरावर आणत नसतात."

"आप्पा, तिला प्रॉपर नंबर मिळणार आहे. लायसन्स असलेला माणूस चालवणार आहे."

"नंबर लावला की तिच्या आसाला अक्कल येणार आहे का?"

"म्हणजे काय?"

मी ताट बाजूला सारलं आणि दोन वाट्या आणि एक लाटणं घेऊन तिला समजावलं. मोटार वळते तेव्हा आतलं चाक हळू फिरतं, बाहेरचं जोरात फिरतं. त्यासाठी मध्ये डिफरन्शियल असतं. या गाडीला ते नाही. मागची दोन्ही चाकं एकाच दांड्याला घट्ट बांधलेली. मातीत ते चालतं, कारण मातीत चाक थोडं घसरतं आणि गाडी वळून जाते. डांबर चाकाला घसरू देत नाही. मग गाडी एका अंगाने उचलते. त्यात फुगलेले टायर, त्यात उतार, त्यात माणसं उंचावर बसलेली. "त्या वळणावर ती गाडी बाईंना घेऊन गटारात जाणार," मी म्हटलं, "माझ्याकडून लिहून घे."

मुलगी विचारात पडली. म्हणाली, "तुम्ही मीटिंगला या आणि हेच सांगा. मी ट्रान्सलेट करते."

"बोलावलं तर येईन. न बोलावता मी कुणाच्या दारात जात नाही."

आणि मला कोणी बोलावलं नाही. निदान मी तसं धरून बसलो.

चार दिवसांनी ती पाटी आली. इकडे एक पद्धत आहे. वस्तीची नोटीस एका पुठ्ठ्याला लावतात आणि तो पुठ्ठा घरोघर फिरतो. काइरानबान म्हणतात त्याला, मी पाटी म्हणतो. प्रत्येक घराने वाचायचं, आपल्या चौकोनात सहीऐवजी घरचा लाल शिक्का उठवायचा आणि पाटी पुढच्या दाराशी नेऊन द्यायची. एरवी मुलगी शिक्का मारी आणि मी पाटी वर बाईंकडे पोचवी. त्या वेळी मुलगी परिषदेसाठी आठवडाभर दुसऱ्या गावाला गेलेली. पाटीवर त्या गाडीचं चित्र. खाली चौकोनांची रांग, काहींत शिक्के पडलेले, आमचा रिकामा.

मी शिक्का मारला नाही. पाटी पुढेही दिली नाही. माझ्या गादीखाली घालून ठेवली.

का, तेही सांगतो. कालव्याच्या कामावर आमच्याकडे छोटे डंपर होते, पुढे मातीचा हौदा असलेले. ते कामावरच फिरवायचे, रस्त्याला न्यायचे नाहीत. कामावरच्या बाया संध्याकाळी दोन कोस चालत घरी जायच्या. एका साहेबाच्या डोक्यात आलं की डंपर रिकामेच उभे असतात, बायांना डांबरी रस्त्याने गावापर्यंत सोडा. मी तोंडावर सांगितलं, साहेब, हे रस्त्यावरचं वाहन नाही, मी नेणार नाही. साहेब म्हणाले, बरं बरं. दोन दिवसांनी एक इंग्रजी कागद फिरला. शिपाई म्हणाला, वाचलं म्हणून सही करा. मी केली. सही करायची मला हौसच होती, आमच्यातले निम्मे अंगठा उठवायचे. पंधरा दिवसांत दुसऱ्या एका ड्रायव्हरचा डंपर बायांसकट कलंडला. खड्ड्यात नाही हो, गुळगुळीत डांबरी वळणावर. एकीचा पाय गुडघ्यापासून गेला. चौकशी लागली तेव्हा साहेबांनी तो कागद काढला. सगळ्या ड्रायव्हरांना मंजूर होतं, या बघा सह्या. त्यात माझी. मी ओरडून सांगितलं की मी नाही म्हणालो होतो. चौकशीवाला म्हणाला, "कुठे लिहिलंय?"

तेव्हापासून जे मला वाचता येत नाही त्यावर मी सही करत नाही. बँकेतला माणूस कितीही गोड बोलो. तर पाटी आली तेव्हा मी हिशोब असा केला की आपला शिक्का नाही म्हणजे आपली संमती नाही, आणि एका घराची संमती नाही म्हणजे गाडी अडली. नऊ दिवस मी त्या पाटीवर झोपलो, आणि शांत झोपलो.

दहाव्या दिवशी मुलगी खालच्या दुकानातून वर आली ती लालबुंद होऊन.

"आप्पा, आपल्याकडे काइरानबान आली होती का?"

"आली होती."

"कुठे आहे?"

"आहे."

"आप्पा!"

मी गादी उचलली. तिने पाटी ओढून घेतली, आतले कागद चाळले आणि मटकन खाली बसली.

"अहो, शिक्का म्हणजे नुसतं 'वाचलं'. कन्सेंट नसतो तो! हा आतला कागद बघितलात? ज्यांची हरकत असेल त्यांनी यावर लिहून द्या. रविवारी मीटिंग आहे, येऊन बोला. ज्यांचं उत्तर येणार नाही त्यांची हरकत नाही असं समजलं जाईल. रविवार होऊन गेला, आप्पा. तुम्ही पाटी अडवलीत म्हणून आपलं आणि आपल्या पुढच्या सहा, अशा सात घरांचं 'हरकत नाही' धरलं त्यांनी. त्यातल्या दोघांची हरकत होती! आत्ता दुकानात मला विचारत होते, पाटी कुठे अडकली म्हणून."

माझं डोकंच फिरलं. "गप्प बसलेल्या माणसाचा होकार धरता कसा तुम्ही? तिकडे सही केली म्हणून मंजूर, इकडे नाही केली म्हणून मंजूर! मग माणसाने नाही म्हणायचं तरी कसं?"

"मीटिंगला जाऊन. तोंडाने. ते विचारतच होते, आप्पा."

"मला काय माहीत?"

"पाटीत लिहिलं होतं!"

मला जपानी वाचता येत नाही हे खरं, पण माझ्या घरात वाचणारी दोन माणसं होती आणि मी त्यांच्यापासून कागद लपवला, हेही खरं.

इकडची रीत अशी की चूक झाली तर मिठाईचा डबा घेऊन दारोदार जायचं आणि माफी मागायची. मी म्हटलं, मी नाही जाणार. मुलगी म्हणाली, मग मी जाते तुमच्या वतीने. ते मला सहन झालं नाही. सहा घरी सहा डबे घेऊन गेलो, मुलगी मागे. सगळ्यांत आधी बाईंकडे. त्यांनी डबा घेतला, पाटी घेतली, चष्मा लावून शांतपणे पूर्ण वाचली, मुदत संपलेल्या त्या कागदावर नीट बेतून शिक्का मारला आणि मला म्हणाल्या, "गोकुरोसामा." मुलीला हसू आवरेना. "कष्ट घेतलेत म्हणतात."

शेवटी समितीच्या अध्यक्षांकडे गेलो. ते शाळेचे रिटायर हेडमास्तर. मी मुलीला म्हटलं, "जसं बोलतो तसंच सांग, साखर घालू नकोस. पाटी अडवली ती माझी चूक. त्याची माफी. पण गाडीबद्दल मी बोलतोय ती चूक नाही. बाईंना तीत बसवायच्या आधी त्यांच्या वजनाची वाळू बसवा आणि गाडी त्या वळणावरून खाली न्या. मग जे काय ते ठरवा."

हेडमास्तरांनी मान तिरकी केली, दातांतून हवा आत ओढली आणि काहीतरी पुटपुटले.

"काय म्हणतात?"

"जरा कठीण आहे म्हणतात."

"कठीण म्हणजे? वाळू नाही का मिळत इथे?"

"कठीण म्हणजे नाही, आप्पा. इथे नाही असंच म्हणतात."

पण गोदीवाले तिथेच बसले होते. त्यांना माझं बोलणं लागलं. लागणारच, त्यांची गाडी, त्यांचा हात. ते ताडकन म्हणाले की वाळू घाला, नाहीतर दगड घाला, मी रोज चालवतो. मला तो माणूस त्या क्षणी आवडला.

पुढच्या रविवारी सकाळी वीसेक माणसं वळणावर जमली. समितीवाले पिवळी जाकिटं आणि डोक्यावर हेल्मेट घालून आलेले. बाई काठी घेऊन एका स्टुलावर, चांगला राखी कोट घालून, जणू लग्नाला आल्या आहेत. भूकंपाच्या सरावासाठी ठेवलेली वाळूची पोती आणली. आता बाईंचं वजन विचारायचं कोणी? हेडमास्तर याच्याकडे बघतात, त्याच्याकडे बघतात. बाईच मोठ्याने बोलल्या. मुलगी माझ्या कानात म्हणाली, "अडतीस म्हणतात. कोटासकट चाळीस धरा म्हणतात." सगळे हसले. वीस वीसची दोन पोती एकावर एक बाजूच्या सीटवर ठेवून पट्टा आवळला. मी सांगून मागच्या हौद्यात पाण्याचे दोन कॅन ठेवायला लावले, कारण दवाखान्यातून येताना बाजार असणारच. गोदीवाल्यांना मी हाताने खूण केली, हळू. त्यांनी मान हलवली.

ते हळूच आले. धावणाऱ्या पोराच्या वेगाने फार तर. वळणावर चाक मुरडलं आणि मागचं आतलं चाक उचललं गेलं, चांगलं वीतभर. गाडी गटाराच्या अंगाला झुकली. वरचं पोतं पट्ट्यातून निसटलं, गटारात पडलं आणि फुटलं. गोदीवाल्यांनी चाक सरळ केलं तशी गाडी धप्पकन खाली बसली. त्यांना काही झालं नाही. चेहरा मात्र पांढराफटक.

मला आनंद झाला. खोटं कशाला सांगू, झाला. इतक्या वर्षांनी माझं म्हणणं कोणाच्या तरी डोळ्यांसमोर खरं ठरलं होतं, तेही कोणाचा पाय न जाता. मग मी बाईंकडे बघितलं. त्या वाळूकडे बघत होत्या.

समितीने तिथल्या तिथे ठरवलं. गाडी गल्लीत चालणार, पण माणसाच्या चालीने, आणि तिच्यातून फक्त सामान जाणार. माणूस बसवायचा नाही. सगळे एकेक करून माझ्यासमोर वाकले. गोदीवालेसुद्धा. बाई उठल्या, काठी टेकत माझ्याजवळ आल्या आणि एकच वाक्य बोलून गल्ली चढू लागल्या.

"काय म्हणाल्या?"

"काही नाही, आप्पा. चला घरी."

"सांग."

मुलगी दुसरीकडे बघत म्हणाली, "म्हणाल्या की पोत्याला हात नसतात. मी धरून बसले असते. आणि मला कोणी विचारलंच नाही."

मी तिथल्या तिथे चिडलो. "हात असलेल्या बाया कलंडताना मी बघितल्यात, सांग त्यांना!" पण त्या पुढे गेल्या होत्या, आणि मुलगी काही त्यांना हाक मारायला तयार नव्हती.

त्यानंतर रॉकेल, तांदूळ, कचऱ्याच्या पिशव्या, सगळं गाडीतून मजेत वर-खाली जायला लागलं. वर-खाली जाता येईना ते बाईंना. थंडी पडली, गुडघे अजून धरले. एका पंधरवड्याची सुई चुकली, मग दुसऱ्याची. मी एकदा दारात जाऊन खुणेने सांगितलं, माझ्या पाठीवर बसा, मी नेतो. त्यांनी माझ्याकडे असं बघितलं की मी उलट्या पावली परत आलो. मग एकदा त्या स्वतःच आल्या आणि पायऱ्यांकडे बोट दाखवलं. आम्ही दोघं उतरलो. मी एक पायरी खाली, त्यांचा हात माझ्या खांद्यावर. जाताना जमलं. येताना साठाव्या पायरीला बाई बसल्या. त्यांना सोबत म्हणून मीही बसलो, असं मी मुलीला सांगितलं. खरं तर माझाच दम असा अडकला होता की मी उभा राहू शकत नव्हतो. अर्धा तास आम्ही तिथे बसून बंदराकडे बघत होतो. बाई माझा श्वास ऐकत होत्या, मला कळत होतं. त्यांनी कोटाच्या खिशातून लिमलेटची गोळी काढून मला दिली. त्यानंतर त्यांनी मला कधी सोबत मागितली नाही.

फेब्रुवारीच्या अखेरीस कावासाकीहून मुलगा आला. सामान गोदीवाल्यांच्या गाडीतून खाली गेलं, वळणावर माणसाच्या चालीने. बाई गल्लीने चालत उतरल्या. मुलाने हात पुढे केला तो त्यांनी धरला नाही. खाली मोटारीजवळ सगळी वस्ती जमली होती. निरोप घेताना इकडे म्हणतात ते ठरलेलं वाक्य त्या प्रत्येकाला म्हणाल्या, आपण फार सांभाळून घेतलंत, अशा अर्थाचं. मलाही तेच म्हणाल्या. वेगळं काही नाही. मोटार गेली.

आणि मग माझा जो संताप झाला तो आजतागायत गेलेला नाही. गाडीबद्दल माझं मत तेच आहे. कोणी कितीही नंबर लावू दे, असली गाडी माणसं घेऊन शहराच्या रस्त्यावर येता कामा नये. पण तीन महिने आम्ही काय केलं? वीस शहाणी माणसं, त्यात एक हेडमास्तर, एक संशोधक मुलगी आणि एक जन्मभर गाड्या चालवलेला मी. सगळ्यांची नजर त्या चार चाकांवर. न्यायचं की नाही न्यायचं, वळणार की कलंडणार. एकशे बारा पायऱ्यांना धरायला साधी एक लोखंडी नळी नाही, बसायला एक फळी नाही, हे त्या वीसांतल्या एकाच्याही तोंडून निघालं नाही. माझ्याही नाही, आणि मी तर साठाव्या पायरीवर अर्धा तास बसलो होतो! गोदीवाले गोदीत जन्मभर काय करत होते, तर लोखंड जोडत होते. ते मी मुलीकडून नंतर विचारून घेतलं. आधी विचारावं असं मला वाटलं नाही.

मग मी अर्ज लिहिला. आयुष्यात पहिल्यांदा मी स्वतः कागद लिहिला, मराठीत, चार ओळी, तीन दिवस लागले. पायऱ्यांना कठडा करा, दर तीस पायऱ्यांना बसायला फळी ठोका. लोखंड जोडायला माणूस वस्तीतच आहे, खड्डे खणायला आणि सिमेंट कालवायला मी आहे. मुलीने त्याचं जपानी केलं. हेडमास्तर म्हणाले, पाटीला लावू, फिरेल. मी म्हटलं, पाटी फिरू दे, पण मी स्वतः प्रत्येक दारात जाऊन विचारणार. कोणी गप्प राहिला तर त्याचं हो धरणार नाही, नाहीही धरणार नाही. बोलेपर्यंत उभा राहीन.

मुलीला सुटीच्या दिवशी बरोबर घेतलं. पहिल्या चार घरांत जमलं. पाचव्या घरचे गृहस्थ, पन्नाशीतले, भल्या मनाचे, कागद वाचून म्हणाले की कल्पना चांगली आहे, पण त्या बाई तर गेल्या. आता कठडा कोणासाठी?

मुलीने हे मला हळू आवाजात सांगितलं. मी काय बोलणार याची तिला भीती वाटत असावी.

"आणि मी?" मी म्हटलं. "मी काय उडत चढतो का? सांग त्यांना. माझे गुडघे दुखतात. साठाव्या पायरीला मला धाप लागते. सांग."

हे तिलाही नवीन होतं. तिने वळून त्यांना सगळं सांगितलं. या वेळी काही मऊ करून सांगितलं नसावं, कारण ते गृहस्थ घाईघाईने बाजूला झाले आणि मला बसायला आतून खुर्ची आणू लागले. मी बसलो नाही. अजून पाच घरं राहिली होती, आणि त्यातली तीन पायऱ्यांच्या खालच्या टोकाला.